राहून गेलेल्या क्लासिक कादंबऱ्या यंदा वाचायच्याच आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाडजूड कादंबऱ्या कपाटात वर्षानुवर्षं उभ्या आहेत, वर्ष संपत आलं की त्यांच्याकडे बघून "यंदा नक्की" म्हणायचं, आणि पुढे त्यांच्यावरची धूळ तेवढी पुसायची, असं ज्यांचं चाललंय त्यांच्याकडून काही प्रश्न परत परत येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी. क्रमाने वाचायची गरज नाही, तुमचं घोडं जिथे अडलंय तिथे थेट जा.

क्लासिक कुठली हे ठरवलं कुणी?

कुणा एकाने नाही. लेखक गेला, त्याचे मित्र आणि शत्रूही गेले, कौतुक करण्यात ज्यांचा फायदा होता ते सगळे गेले, आणि तरी ज्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघतायत ते क्लासिक, असं ढोबळ धरून चाला. याला कधीकधी फार वेळ लागतो. 'मोबी डिक' १८५१ मध्ये आली, हर्मन मेलव्हिल १८९१ मध्ये गेला तेव्हा तिला जवळपास कुणी विचारत नव्हतं, आणि १९२० च्या दशकात लोकांनी ती नव्याने उचलून धरली. तुमच्यापुरतं मात्र याहून सोपं आहे: जे पुस्तक वाचायचं राहिलंय याची तुम्हाला स्वतःला मधूनमधून चुटपुट लागते, ते घ्या. दुसऱ्यांच्या चुटपुटीची पुस्तकं तुमच्या डोक्यावर कशाला.

दरवर्षी ठरवतो आणि दुसऱ्या महिन्यात गाडं बंद पडतं. नक्की चुकतं काय?

बहुतेक वेळा लिस्ट चुकते. बारा महिने बारा कादंबऱ्या, असा तक्ता बनवला जातो, उत्साहात पहिल्याच महिन्यात सगळ्यात जाड पुस्तक टाकलं जातं, महिना संपतो तेव्हा आपण पान दोनशेवर असतो, म्हणजे पुस्तक छान चाललेलं असूनही आपण 'मागे पडलेले' असतो, आणि एकदा मागे पडलं की ते पुस्तक उघडायचीच इच्छा जाते कारण ते उघडलं की आधी अपराधी वाटतं आणि मग गोष्ट सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे त्या अपराधीपणापायी दुसरं हलकंफुलकंही वाचत नाही माणूस. वाचन वाढवायला केलेल्या संकल्पाने असलेलं वाचन बंद पाडलेली माणसं भरपूर आहेत. म्हणून लिस्ट फाडा, एक पुस्तक ठेवा. एकच. ते संपलं की पुढचं बघू.

दुसरं कारण जरा टोचणारं आहे. आपल्यातल्या पुष्कळांना ते पुस्तक वाचायचं नसतं, ते वाचून झालेलं असायला हवं असतं. म्हणजे चारचौघांत विषय निघाला की "हो, वाचलंय ना" म्हणता आलं पाहिजे. त्यात पाप काही नाही, पण त्या जोरावर नऊशे पानं निघत नाहीत. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: हे पुस्तक मी वाचलं हे आयुष्यभर कुणालाच सांगायचं नाही अशी अट असेल, तरी वाचेन का? उत्तर "हो" असेल तर आजच सुरू करा, "नाही" असेल तर सरळ ठेवून द्या आणि दुसरं शोधा. "माहीत नाही" असं आलं तर पहिली वीस पानं वाचून मग ठरवा.

मग पहिलं कुठलं घ्यावं?

छोटं. "क्लासिक म्हणजे जाड" हा गैरसमज जितका लवकर जाईल तितकं बरं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) किंवा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) दोन-तीन बैठकीत होते आणि दोन्ही मराठीतल्या पहिल्या रांगेतल्या आहेत. पहिलीत एक पोरसवदा मास्तर मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, दुसरीत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट आहे आणि तिच्यावर चक्रधर आणि हॅर्टा आहेत. यापेक्षा जास्त सांगत नाही. बाहेरचं हवं असेल तर टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६), काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' (१९१५), कामूची 'द स्ट्रेंजर' (१९४२), हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२), यातलं काहीही.

छोट्या पुस्तकाचा फायदा असा की ते संपतं. हे ऐकायला बावळट वाटेल पण एक क्लासिक शेवटच्या पानापर्यंत गेलं की पुढच्या जाड पुस्तकाची भीती निम्मी होते.

आणि जाडच घ्यायचंय, त्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर माझं मत अलेक्झांडर ड्यूमाच्या 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ला. ११७ चॅप्टर आहेत, हजाराच्या पुढे पानं जातात, पण अन्याय, तुरुंग, सुटका, खजिना, सूड असा सगळा मालमसाला आहे. मध्ये रोमच्या भागात थोडं रेंगाळतं, तेवढं सोसा.

हजार-बाराशे पानांचं पुस्तक वाचायला वेळ कुठून आणायचा?

इथे थोडं लांबण लावतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

आपण ज्या कादंबऱ्यांना घाबरतो त्यातल्या कितीतरी एकगठ्ठा वाचण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या, त्या हप्त्याहप्त्याने छापून आल्या. 'माँटे क्रिस्टो' १८४४ ते १८४६ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात तुकड्यातुकड्याने येत होती. डिकन्सने 'पिकविक पेपर्स' महिन्याच्या हप्त्यांनी काढली आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये स्वतःच्याच साप्ताहिकात दर आठवड्याला. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' १८७१-७२ मध्ये आठ भागांत आली. टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'चे हप्ते १८७५ ते १८७७ चालले, म्हणजे पहिल्या वाचकांना त्या बाईचं पुढे काय होतं हे कळायला दोन वर्षांच्या वर वाट बघावी लागली. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात अशीच क्रमशः आली. आणि यातला सगळ्यात भारी योगायोग म्हणजे 'रशियन मेसेंजर' नावाचं मासिक. १८६६ साली त्यात दोस्तोयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' क्रमशः चालू होती आणि त्याच सुमाराला त्याच मासिकात टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चे सुरुवातीचे भागही येत होते. त्या वर्षीच्या वर्गणीदारांचा नुसता हेवा करावा.

तेव्हा ज्या पुस्तकाला मूळ वाचकांनी दोन वर्षं दिली ते आपण तीन आठवड्यांत 'उरकायला' बघतो, आणि जमलं नाही की स्वतःला आळशी म्हणतो. पुस्तकाची चालच तशी नाही हो. प्रत्येक हप्त्यात थोडी आठवण करून देणं, थोडं पुढे जाणं, शेवटी एखादा खटका, हे सगळं थांबून थांबून वाचणाऱ्यासाठी केलेलं असतं, ते सलग शंभर पानं ओढली की रटाळ लागतं आणि रोज थोडं वाचलं की मस्त लागतं.

आता हिशोब. 'युद्ध आणि शांती'त ३६१ चॅप्टर आहेत आणि बहुतेक तीन-चार पानांचे. रोज एक म्हटलं तर वर्षात होते आणि चार दिवस उरतात. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये ३६५ आहेत, म्हणजे तिथे एकही दिवस बुडवायची सोय नाही. 'अ‍ॅना कॅरेनिना' २३९, साधारण आठ महिने. 'मोबी डिक' १३५ आणि वर एक उपसंहार, साडेचार महिने. रोज दोन चॅप्टर केले तर हे सगळं निम्म्यावर येतं. एक चॅप्टर म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, तेवढी फोनवर नुसतं बोट फिरवण्यात कुठे जातात ते आपल्याला माहितीय.

दोन पथ्यं पाळा. वेळ ठरलेली असू द्या, आणि ती झोपेच्या आधीचीच असावी असं नाही, उलट ती सगळ्यात वाईट, कारण दमलेल्या डोक्याने तीच दोन पानं चार रात्री वाचली जातात. आणि एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी डबल करू नका, पुढचा एक चॅप्टर घ्या आणि चालू पडा. भरपाई करायला गेलं की परत ते 'मागे पडणं' सुरू होतं.

पहिली पन्नास-शंभर पानं इतकी संथ का असतात?

नमनाला घडाभर तेल घालायची रीतच होती तेव्हा. वाचकाने ते घर, ती गल्ली, ते शहर कधी पाहिलेलं नसायचं, सिनेमा नाही, फोटो क्वचित, मग लेखक सगळं शब्दांनी उभं करायचा. 'ले मिझराब्ल' उघडलं की पहिले चौदा चॅप्टर एका बिशपची माहिती चालते आणि ज्याच्यासाठी आपण पुस्तक घेतलं तो जाँ व्हालजाँ त्यानंतर येतो. 'युद्ध आणि शांती' १८०५ च्या जुलैमधल्या एका पार्टीने उघडते आणि तिथे इतकी माणसं एकदम अंगावर येतात की कोण कोणाचा कोण काही कळत नाही. कळायची गरजही नाही. नवख्या माणसाला पार्टीत जसं वाटतं तसंच वाटतंय एवढं समजा आणि पुढे सरका, जे महत्त्वाचे आहेत ते परत परत भेटतात.

साधारण पुस्तकाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत निकाल देऊ नका. म्हणजे हजार पानांचं असेल तर शंभर.

मधला कंटाळवाणा भाग स्किप केला तर चालेल का?

चालेल. कोण येतंय तपासायला?

तरी कुठला भाग सोडावा यात डोकं लावा. 'मोबी डिक'चा बत्तीसावा चॅप्टर देवमाशांच्या वर्गीकरणाचा आहे, त्याने कितीतरी वाचकांचा बळी घेतलाय, तो चाळून पुढे गेलात तर गोष्टीचं काही अडत नाही. 'ले मिझराब्ल'च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूची अख्खी लढाई आहे, ती वरवर बघा पण त्या प्रकरणाचा शेवट सोडू नका, तिथे पुढच्या गोष्टीतला एक दुवा लपवलाय. 'युद्ध आणि शांती'च्या उपसंहाराचा दुसरा भाग निव्वळ इतिहासाचं तत्त्वज्ञान आहे, त्यात एकही पात्र येत नाही, तो नंतर कधीतरी वाचला तरी चालतो, किंवा नाहीच वाचला तरी. युद्धाची पानं सोडून फक्त घरगुती पानं वाचणारे लोक आहेत, पण ते करू नका असं मी म्हणेन, कारण आंद्रेई आणि पिएर ही त्यातली मुख्य पात्रं जी बदलतात ती रणांगणावरच.

कंटाळा आला की सोडायच्या आधी एक करून बघा: तेवढी पानं वेगाने, अर्धवट लक्ष देऊन वाचा. पुष्कळदा मधेच कुठेतरी गाडी परत रुळावर येते.

रशियन नावांनी वेड लागायची पाळी आलीय. काय करू?

नावं तीन भागांत असतात हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. पहिलं स्वतःचं, मधलं वडिलांच्या नावावरून आलेलं, शेवटी आडनाव. मधल्याला मुलग्याच्या बाबतीत 'ओविच' किंवा 'एविच' लागतं आणि मुलीच्या 'ओव्ना' किंवा 'एव्ना'. 'गुन्हा आणि शिक्षा'चा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोलनिकोव्ह, म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन. त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्ना. औपचारिक बोलताना पहिली दोन नावं एकत्र घेतात, बाकीचे आडनावाने हाक मारतात, आणि घरची माणसं लाडाने काहीतरी तिसरंच म्हणतात, त्यामुळे रोद्या म्हणजे रोदिओन आणि दुन्या म्हणजे अव्दोत्या. एका पानावर एकाच माणसाला तीन नावांनी बोलावलं जातं आणि आपल्याला वाटतं तीन माणसं आहेत!

उपाय जुनाच: बुकमार्क म्हणून एक कागद ठेवा आणि त्यावर नावं लिहीत जा, शेजारी एक शब्द, "बहीण", "सावकारीण", "मित्र". छापील यादी अनेक आवृत्त्यांत सुरुवातीला असते, पण ती नेटवर शोधायला जाऊ नका, तिथे पात्राच्या नावापुढेच तो कसा मेला ते लिहिलेलं असतं.

हे फक्त रशियनांचं नाही बरं का. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये (१९६७) कर्नल ऑरेलियानोला सतरा मुलगे आहेत आणि सगळ्यांचं नाव ऑरेलियानो. तिथे वंशावळीच्या पानावर बोट ठेवूनच वाचावं लागतं.

इंग्रजीतून वाचू की मराठीतून?

ज्या भाषेत तुम्ही विनोदाला हसता त्या भाषेत. टॉलस्टॉय, ह्यूगो, सर्व्हांटिस यांना इंग्रजीत वाचणाराही अनुवादच वाचतो, त्यामुळे "इंग्रजीतून म्हणजे ओरिजिनल" हा न्यूनगंड आधी काढून टाका. मराठीत काही अनुवाद इतके चांगले आहेत की स्वतंत्र पुस्तक म्हणून वाचावेत. 'द ओल्ड मॅन अँड द सी'चं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं 'एका कोळियाने' आहे, 'द यर्लिंग'चं राम पटवर्धनांनी केलेलं 'पाडस' तर पुष्कळांच्या मते मराठीतल्या उत्तम पुस्तकांपैकी एक आहे. साने गुरुजींनी 'ले मिझराब्ल' 'दुःखी' या नावाने मराठीत आणली. शरच्चंद्रांचं बरंच साहित्य मामा वरेरकरांनी मराठीत आणलंय.

जे मुळात इंग्रजीतच आहे, म्हणजे ऑस्टिन, डिकन्स, जॉर्ज एलियट, ते शक्य असेल तर इंग्रजीत वाचा, पण एलियटने सुरुवात करू नका. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ६१ छोटे चॅप्टर आहेत आणि अर्ध्याहून जास्त नुसते टोमणे आहेत, इंग्रजी कामापुरतं असलं तरी निभतं. प्रत्येक अडलेला शब्द शोधत बसू नका, एका पानावर एकच शब्द बघायचा असा नियम करा.

एकाच कादंबरीचे चार अनुवाद दिसतात. कुठला घ्यायचा?

दुकानात किंवा ऑनलाइन सॅम्पलमध्ये प्रत्येकाचं एकच पान वाचा आणि जो अडखळत नाही तो घ्या. बाकीची चर्चा अभ्यासकांची. थोडी माहिती मात्र उपयोगी पडते. 'युद्ध आणि शांती'त मूळातच फ्रेंच संवाद भरपूर आहेत, काही अनुवादक ते फ्रेंचच ठेवून खाली तळटीप देतात, पेव्हिअर आणि वोलोखोन्स्की यांचा तसा आहे, आणि लुईझ व एल्मर मॉड यांच्यात बहुतेक इंग्रजीच आहे. पहिल्यांदा वाचताय तर मॉड बरा, वर-खाली डोळे फिरवावे लागत नाहीत, आणि ते दोघे टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते हा बोनस. 'माँटे क्रिस्टो'चा १८४६ चा इंग्रजी अनुवाद, ज्यावर अनुवादकाचं नावच नाही, तो अजून सगळीकडे फिरतो, त्यात त्या काळाला न झेपणारे काही भाग सौम्य केलेले आहेत. रॉबिन बस यांचा १९९६ चा पूर्ण आणि वाचायला सरळ आहे.

घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: संक्षिप्त आवृत्ती तर नाही ना. कव्हर तेच, नाव तेच, आतमध्ये हजाराची तीनशे पानं. संक्षिप्त वाचायचंच असेल तर खुशाल वाचा, पण ते माहीत असून. मराठीतही जुन्या पुस्तकांत 'स्वैर रूपांतर' आणि 'संक्षिप्त अनुवाद' बरेच आहेत, आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

प्रस्तावना आधी वाचावी का?

शेवटी. क्लासिकची प्रस्तावना लिहिणाऱ्याला वाटतं की गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे तो बिनदिक्कत शेवट फोडतो. मागच्या कव्हरवरचा मजकूरही तसाच. पुस्तक संपल्यावर मात्र जरूर वाचा, तेव्हा ती गप्पा मारल्यासारखी वाटते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट डिकन्सने बुल्वर-लिटन या लेखक मित्राच्या सांगण्यावरून बदलला होता, आणि मूळ शेवट बऱ्याच आवृत्त्यांत मागे छापलेला असतो, असल्या गोष्टी नंतरच कळलेल्या बऱ्या.

ऑडिओबुक ऐकलं तर ते 'वाचलं' धरायचं का?

धरायचं. कोर्टात शपथ घ्यायची नाहीये. या कादंबऱ्या आल्या तेव्हा घरात एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं हे अगदी नेहमीचं होतं, डिकन्स तर स्वतः स्टेजवर वाचनाचे प्रयोग करत फिरायचा.

अडचण वेगळी आहे, ती लांबीची. 'युद्ध आणि शांती' ऐकायची म्हणजे साठेक तास, आणि कानाने ऐकताना मागे जाऊन "हा कोण होता" बघता येत नाही. म्हणून पुस्तक हाताशी ठेवून दोन्ही मिळून करणं सगळ्यात सोयीचं, चालताना ऐकायचं आणि बसल्यावर तिथून पुढे वाचायचं. संवाद जास्त असलेल्या कादंबऱ्या ऐकायला छान, वर्णनं जास्त असलेल्या डोळ्यांनी बऱ्या. वाचणाऱ्याचा आवाज पटला नाही तर दहा मिनिटांत बदला.

आधी सिनेमा किंवा सिरीज बघितली तर मजा जाईल का?

गोष्ट कळेल, मजा जाईलच असं नाही. जाड रशियन कादंबरीच्या बाबतीत तर सिरीज आधी बघणं फायद्याचंच, चेहरे डोक्यात बसतात आणि नावांचा घोळ मिटतो. रहस्यावर चालणाऱ्या कादंबरीचा सिनेमा मात्र आधी बघू नका.

फुकट आणि कायदेशीर कुठे मिळतात?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, त्यामुळे त्यांची पुस्तकं मोकळी आहेत. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं टाइप करून ठेवलेली असतात. इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, मायकेल हार्टने १९७१ मध्ये सुरू केलेलं, आणि ऐकण्यासाठी लिब्रिव्हॉक्स, २००५ पासूनचं, तिथे स्वयंसेवक वाचतात म्हणून एखादा चॅप्टर अफलातून आणि पुढचा कूकरच्या शिट्टीसकट असं होऊ शकतं.

एक घोळ लक्षात ठेवा: मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणजे अनुवाद मोकळा झाला असं नसतं, अनुवादकाचा हक्क वेगळा चालतो. टॉलस्टॉय मोकळा आहे, पण परवा आलेला त्याचा अनुवाद नाही. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा चोरीचा माल, आणि तिरका स्कॅन वाचून डोळे जातात ते वेगळंच. लायब्ररी अजून आहेत हे विसरू नका. परत करायची तारीख असली की पानं आपोआप उलटतात!

वाचलेलं लक्षातच राहत नाही. नोट्स काढू का?

परीक्षा आहे का? बाराशे पानांतलं लक्षात राहतं ते दोन-तीन प्रसंग, एखादा माणूस, एक विशिष्ट हवा, आणि तेवढं पुरेसं असतं. नोट्स काढायला बसलं की वाचन मागे राहतं आणि वही सजते. फार तर चॅप्टर संपला की एक ओळ लिहा, काय झालं तेवढीच, ती आठवडाभराच्या खंडानंतर परत पुस्तक हातात घेताना उपयोगी पडते.

बरोबर कुणी वाचणारं असेल तर मात्र फार फरक पडतो. मोठा ग्रुप नको, तिथे दोघे वाचतात आणि बाकीचे "मी पण सुरू करणार आहे" म्हणतात. एक मित्र किंवा मैत्रीण बास, आठवड्यातून एकदा "तू कुठे पोचलास" एवढं विचारणारी.

अर्धं वाचून सोडलं तर तो पराभव का?

नाही, पण सोडायचं तर नीट सोडा. उशाशी तीन महिने उपडं पडलेलं पुस्तक हे ना धड सोडलेलं ना धड चालू. दहावा हिस्सा वाचून झाला, दोनदा वेगवेगळ्या मूडमध्ये ट्राय केलं, तरी पान उलटवत नाही, तर बुकमार्क काढा, कपाटात ठेवा आणि दुसरं घ्या. काही पुस्तकांना वय लागतं. 'अ‍ॅना कॅरेनिना' विशीत वाचताना अ‍ॅनाची गोष्ट वाटते, पुढे कधीतरी तीच लेव्हिनची आणि डॉलीची वाटायला लागते. 'कोसला'चं (१९६३) उलट, ती लवकर वाचलेली बरी, नेमाड्यांनी लिहिली तेव्हा ते स्वतः पंचविशीत होते आणि पांडुरंग सांगवीकरही तेवढाच.

सगळे डोक्यावर घेतात ती कादंबरी मला अजिबात आवडली नाही. माझ्यात काही कमी आहे का?

टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडला नाही. आयुष्यभर परत परत, वेगवेगळ्या भाषांत वाचून बघितला, तरी नाही आवडला, आणि म्हाताऱ्या वयात त्याने त्यावर लांबलचक निबंध लिहिला, तो १९०६ मध्ये छापून आला. 'लोलिता'चा लेखक नाबोकोव्ह दोस्तोयेव्हस्कीला दुय्यम लेखक मानायचा आणि वर्गात मुलांना तसं शिकवायचा. तुम्ही चांगल्या कंपनीत आहात. फक्त "आवडलं नाही" आणि "बकवास आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीला काही लागत नाही, दुसरीला पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं लागतं.

जुन्या कादंबऱ्यांमधले बायकांबद्दलचे, जातीबद्दलचे, वंशाबद्दलचे विचार खटकतात. तरी वाचायचं?

खटकलंच पाहिजे, न खटकण्यासारखं काही नाही त्यात. पण सगळं एका तागडीत घालू नका. पात्र काय म्हणतं आणि पुस्तक काय म्हणतं यात फरक असतो. 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये बायकांचे जे हाल आहेत ते नायिका यमूच्या तोंडून, तिच्या बाजूने सांगितलेत, तिथे राग लेखकावर काढून उपयोग नाही. आणि कुठे कुठे लेखकच तसा असतो, ते ही दिसतं, लपत नाही. अशा वेळी समासात पेन्सिलने भांडा. त्याच काळातलं दुसऱ्या बाजूने लिहिलेलंही वाचा, १९५० चं विभावरी शिरूरकरांचं 'बळी' किंवा १९५९ चं अण्णाभाऊ साठ्यांचं 'फकिरा' बाजूला ठेवलं की "क्लासिक" म्हणून नेहमी कुणाची नावं घेतली जातात हे आपोआप दिसायला लागतं.

एक संपली की लगेच दुसरी घ्यावी का?

थोडं थांबा. मोठ्या कादंबरीनंतर एक-दोन आठवडे काहीच गोड लागत नाही, तेव्हा दुसरी जाड उघडली तर तिच्यावर अन्याय होतो. मध्ये कथा वाचा, डिटेक्टिव्ह वाचा, काहीही. लेखक आवडला असेल तर त्याचंच एखादं छोटं पुस्तक घ्या.

आणि 'युलिसिस'? प्रूस्त? ती कधी?

घाई काय आहे. प्रूस्तच्या 'इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम' या कादंबरीचे सात खंड १९१३ ते १९२७ मध्ये आले, शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे लेखकालाही ते सगळे छापलेले बघायला मिळाले नाहीत. पहिला खंड स्वतंत्र पुस्तक म्हणून वाचता येतो, तो आवडला तर बाकीच्यांचा विचार करा.

जेम्स जॉइसची 'युलिसिस' (१९२२) म्हणजे १६ जून १९०४ हा डब्लिनमधला एक दिवस, अठरा भागांत. बहुतेक जण तिसऱ्या भागात हात टेकतात, स्टीफन समुद्रकिनाऱ्यावर चालत असतो आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही, तिथे. तसं झालं तर चौथ्या भागावर उडी मारा, तिथे लिओपोल्ड ब्लूम नाश्त्याची तयारी करतोय आणि मांजरीशी बोलतोय, त्याला समजायला कुठलंही गाईड लागत नाही, पहिले तीन भाग नंतर वाचता येतात. तेही नको वाटलं तर जॉइसचंच 'डब्लिनर्स' (१९१४) घ्या, पंधरा कथा आहेत, साध्या सरळ भाषेत, आणि शेवटची 'द डेड' एवढी एकच वाचून पुस्तक परत केलंत तरी माझी काही हरकत नाही.